गाडीबरोबर आलेली अट

त्याला सगळे सुसाट म्हणत, कारण त्याच्याइतका सावकाश माणूस अख्ख्या कॉलेजात दुसरा नव्हता. वर्गात पोचेपर्यंत हजेरी संपलेली, खानावळीत पोचेपर्यंत भाजी. पण वेड मात्र वेगाचं. भाड्याच्या खोलीची भिंत स्पोर्ट्स कारच्या चित्रांनी भरलेली, आणि खिशात सायकलची ट्यूब बदलण्यापुरतेच पैसे. आई दूरच्या शहरात शाळेचे गणवेश शिवून त्याला शिकवत होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ती दर फोनला सांगायची. हा पठ्ठ्या 'हो गं' म्हणायचा आणि शिकवण्या घेऊन गाडीसाठी पैसे साठवायचा.

खालच्या लाँड्रीत एक चिठ्ठी लागली. लाल गाडी, दोन सीटची, भरपूर चाललेली, किंमत बोलून ठरवू. पत्ता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांचा होता. गल्लीच्या टोकाला बैठं घर, पुढे दुकान, आणि दारात ती. बुटकी, रुंद, नाक जमिनीला लावून बसलेली. मीटरवर चार लाखांच्या आसपास किलोमीटर. सुसाटला ती मीटरसकट आवडली.

"माझ्या मुलाची," काका म्हणाले. "आता तो चालवत नाही. तुझ्याकडे किती आहेत?"

सुसाटनं लाजत आकडा सांगितला. तेवढ्यात त्या गाडीचे टायरसुद्धा आले नसते.

"चालतील," काका म्हणाले.

इथेच शहाण्या माणसानं उठायला हवं होतं. पण हौसेला मोल नसतं, आणि सुसाट काही शहाणा नव्हता.

अट एकच होती. रोज संध्याकाळी गाडी या दारासमोर आणायची आणि दोनदा हॉर्न वाजवायचा. आतून काकू विचारतील, आलास का? आलो म्हणायचं आणि निघून जायचं. "तिचे डोळे गेलेत. मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नाही तिच्या घशाखाली," काका म्हणाले. सुसाटला गलबलून आलं. गाडीही मिळतेय आणि पुण्यही, असं म्हणून त्यानं किल्ली घेतली.

ओळखीच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून बराच वेळ कान दिला. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणणार होतो. पण इंजिन ठणठणीत आहे रे. हे बघ मात्र." ड्रायव्हरची सीट झिजून खोलगट झाली होती. शेजारची करकरीत, दुकानातून आणल्यासारखी. "चार लाख किलोमीटर, आणि शेजारी कुणी बसलंच नाही? तुझ्यासारखाच नशीबवान दिसतोय." तो हसला. मग सीट मागेपुढे करायला गेला, तर ती जागची हलेना. कुणा उंच माणसासाठी लावली होती आणि तशीच गंजून बसली होती. सुसाटचे पाय पेडलला जेमतेम पोचत.

रोज संध्याकाळी तो गल्लीत जाऊ लागला. गाडी वळली की आजूबाजूच्या खिडक्या बंद व्हायच्या. दोनदा हॉर्न. आतून बारीक आवाज, "आलास का?" हा म्हणायचा, "आलो." सुरुवातीला त्याला नाटकात काम केल्यासारखं वाटे. मग सवय झाली. मग एके दिवशी पाय पेडलवर आरामात टेकले, आणि उतरल्यावर लक्षात आलं की पँट घोट्याच्या वर आली आहे. बाविसाव्या वर्षी कुणी वाढतं का? धुण्यानं आखडली असेल, असं म्हणून त्यानं लाँड्रीवाल्याशी भांडण काढलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"सर्दी झालीय का तुला? आवाज वेगळाच येतोय."

पुढच्या फोनला तिनं पुन्हा कोण म्हणून विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. सुसाट चेष्टेवारी नेत होता. एका संध्याकाळी तर हॉर्न वाजवून तो हाक यायच्या आधीच "आलो गं" म्हणाला. हे 'गं' त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आतून काकूंनी काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात नव्हते. भिंत चाचपत काकूच बाहेर आल्या आणि गाडीच्या खिडकीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माझा मुलगा गेला, हे कळतं मला. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली."

"मग रोज हाक का मारता, काकू?"

"यांच्यासाठी रे. हाक मारली नाही तर रस्त्याच्या मधोमध जाऊन बसतात त्याची वाट बघत." त्या थांबल्या. "तुझ्या आईला तुझा आवाज ओळखू येतो ना अजून?"

सुसाटनं गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"ओळखत असेल तर किल्ली इथे ठेव आणि चालत घरी जा. आजच जा. गाडीचा मोह करू नकोस."

"ठेवतो," सुसाट म्हणाला. "सामान काढून आणतो आणि ठेवतो."

"तुझ्याआधी ही गाडी घेणारे तिघंही असंच म्हणाले होते," काकू म्हणाल्या आणि भिंत चाचपत आत गेल्या.

तो खरंच भ्यायला होता. आईची आठवण येऊन रडूही आलं त्याला. पण दोन वर्षं साठवून घेतलेली गाडी अशी दारात सोडून जायची? म्हातारीला भ्रम झालाय, असं त्यानं स्वतःला बजावलं. आईच्या दारात लाल गाडी उभी करायची, तिला शेजारच्या करकरीत सीटवर बसवून फिरवायचं, मग बघू. सुट्टी लागताच आईला 'आज येतो' असा मेसेज टाकून तो निघाला. इतकी वर्षं रखडत चालणारा सुसाट त्या दिवशी कुठेही थांबला नाही.

दुपारी तो घरासमोर पोचला. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. त्यानं दार वाजवलं. "आई, आलो गं!"

मशीन थांबलं. आईनं दार उघडलं आणि गळ्यातली टेप सारखी करत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"आई, मी," तो म्हणाला. आपला जुना आवाज कसा होता, हे त्याला काही केल्या आठवेना.

आई हसली, परक्या माणसाशी हसतात तशी. "तुम्ही त्याच्या कॉलेजातले का? तो नाही आला बरोबर?" तिनं दारातून बाजूला होऊन वाट दिली. "या ना, आत या, बसा. फार सावकाश आहे हो आमचं ध्यान. पण आज येतो म्हणालाय, म्हणजे येणारच."

सुसाट आत जाऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. आईनं त्याला पाणी दिलं आणि दार सताड उघडं ठेवलं.