पंधरवड्यात ट्रेड नाही

आमच्या देवघराच्या खालच्या खणात वाती, कापूर आणि उदबत्त्या असतात, आणि त्यांच्याखाली बेसबॉलच्या जुन्या स्कोअरशीट्सचा गठ्ठा असतो. तो फेकवत नाही. रविवारी ग्राउंडवर कोणीतरी काहीतरी बोलतं, आपण पोट धरून हसतो आणि घरी येऊन मशीनला कपडे लावेपर्यंत विसरतो. म्हणून मी तिथल्या तिथे, शीटच्या पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी उतरवून ठेवते. परवा चैत्रगौर मांडायची म्हणून खण आवरायला काढला, तर एकट्या २०१६च्या सीझनच्याच पाठी इतक्या भरलेल्या निघाल्या की गौर राहिली बाजूला, मी फरशीवर बसून वाचतच राहिले.

आधी थोडी ओळख. आम्ही ऑकलंडमध्ये अल्बनीला राहतो. सुधीर, माझा नवरा, आयटीत आहे. ऑफिसातल्या लोकांच्या नादाने तो बेसबॉल शिकला आणि दोन वर्षांत एका हौशी टीमचा कॅप्टन झाला. आमच्या क्लबात चारच टीम. प्रत्येक खेळाडूला एक ते पाच पॉइंट असतात. जितका चांगला, तितके जास्त. टीमच्या यादीत अकरा नावं हवीत आणि सगळ्यांचे मिळून तीसच्या वर पॉइंट जाता कामा नयेत. सप्टेंबरातल्या एका रविवारी चारही कॅप्टन क्लबच्या हॉलमध्ये बसतात आणि 'तुझा डावरा मला दे, माझे दोघं तू घे' असं चालतं. याला म्हणतात ट्रेड संडे.

आणि मी स्कोअर लिहिते. लक्ष वाती मोजून वाहिलेल्या बाईला चेंडू मोजणं काय अवघड?

*

त्या वर्षी अण्णा, माझे सासरे, पहिल्यांदाच एकटे आले होते. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. अण्णांनी तीस वर्षं बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या. कोण कुठल्या गाडीवर, हे ठरवण्यात आयुष्य गेलं. इथे आल्यापासून मात्र ते खिडकीशी बसायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे. सुधीरने ट्रेड संडेसाठी एक्सेल उघडलं, तेव्हा ते पहिल्यांदा आपणहून उठून आले.

"हे काय? ड्युटी चार्ट?"

"तसंच समजा. रविवारी यावर सौदे करायचेत."

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "रविवारी? पितृपक्षात? नवीन काही ठरवायचं नाही. तुझ्या आईचा पहिला पक्ष आहे."

सुधीरने एक्सेल मिटलं. मग त्याने क्रेगला फोन केला. क्रेग म्हणजे दुसऱ्या टीमचा कॅप्टन, प्लंबर, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. सुधीरने त्याला सगळं समजावलं आणि आमची यादी घटस्थापनेनंतर द्यायची परवानगी मागितली. क्रेगने शांतपणे ऐकून घेतलं.

"परवानगी आहे, मेट," तो म्हणाला. "पण एक सांग, तुझ्या पूर्वजांचा नेमका राग कोणावर आहे? पिचरवर की शॉर्टस्टॉपवर?"

*

पंधरवडा संपेपर्यंत बाकीच्या तिघांनी चांगले खेळाडू वाटून घेतले होते. उरलेल्यांत आम्ही शोधायला लागलो, तर काय आश्चर्य, ब्रेट शिल्लक. पूर्ण पाच पॉइंटचा, क्लबातला सगळ्यात मोठा बॅट्समन.

सुधीरचा विश्वास बसेना. "एवढा मोठा प्लेअर कोणी घेतलाच नाही? बघितलंत अण्णा, थांबल्याचं फळ मिळालं."

मीसुद्धा देवापुढे साखर ठेवली.

पहिल्या रविवारी लख्ख ऊन होतं. ब्रेट आला नाही. दुसऱ्या रविवारीही ऊन, ब्रेट नाही. मग कळलं की त्याच्याकडे बोट आहे आणि ऊन पडलं की तो मासे धरायला जातो. तिसऱ्या रविवारी पाऊस आला. ब्रेट अर्धा तास आधी हजर, बूट चकाचक, बॅट पुसून तयार.

पावसामुळे मॅच पुढच्या शनिवारी ढकलली. शनिवारी ऊन पडलं.

अण्णा म्हणाले, "सुधीर, तुझ्या त्या एक्सेलात रजेचा कॉलमच नाही."

*

दहा नावं झाली, अकरावं मिळेना. पॉइंटही एकच उरला होता. हे मला माहीत नव्हतं. मला कळलं ते पार्सल उघडल्यावर. आत टीमचा शर्ट होता, पाठीवर अकरा नंबर आणि त्याच्यावर माझं नाव, वैशाली.

"फक्त कागदावर गं," सुधीर म्हणाला. "खेळायचं नाहीये तुला."

मी यादी हातात घेतली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, एक.

"अठरा वर्षांच्या संसारानंतर एक पॉइंट?"

"अगं, फॉर्मवर शून्य टाकताच येत नाही."

तो काय बोलून गेला हे त्याच्या लक्षात यायला साधारण चार सेकंद लागली. आमची सई, तेव्हा तेरा वर्षांची, सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, यू आर सो डेड." त्या रात्री त्याने न सांगता कुकरसुद्धा घासला.

*

एक ट्रेड अण्णांनी स्वतः केला. त्याची शीट मी वेगळी जपून ठेवलीय.

ग्राउंडच्या कडेला एक भलंमोठं झाड आहे. त्याच्या एका अंगाला आमचा बाक, दुसऱ्या अंगाला क्रेगच्या टीमचा. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, चांगलं ढगाळ असताना, अण्णांनी झाडाला एक प्रदक्षिणा घातली आणि मला बाजूला घेतलं.

"वैशाली, बाक बदलून घेऊ. डेपोत तीस वर्षं गाड्या सावलीत लावल्यात मी. आपल्या बाकावर दुपारी ऊन येणार."

क्रेगला आमचा चिवडा फार आवडायचा. सौदा ठरला. त्यांचा बाक आम्हाला आणि पाच रविवार चिवड्याचा डबा त्यांना. क्रेग अण्णांना काहीतरी सांगू पाहत होता, पण अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि हस्तांदोलन केलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही सगळे उन्हात भाजत होतो आणि क्रेगची टीम गार सावलीत चिवडा खात होती. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. अण्णांनी सगळा हिशोब पुण्याच्या सूर्यावर केला होता.

"मी सांगत होतो," क्रेग दाणे वेचत म्हणाला, "पण ते म्हणाले, थर्टी इयर्स."

अण्णांनी टोपी पुढे ओढली. पण त्या दिवशी, आल्यापासून पहिल्यांदा, ते स्वतःवर हसले. बाकाचा तोटा माझ्या मते तिथेच भरून निघाला.

*

हरणं मात्र थांबेना. चार मॅच हरल्यावर मी चहा सोडला. टीम जिंकेपर्यंत चहा घ्यायचा नाही, असा संकल्प केला. सुधीर घाबरला, कारण सकाळच्या चहाआधी माझ्याशी कोणी बोलत नाही. "साखर सोड, भात सोड," तो म्हणाला, "चहा नको. घरात लहान मूल आहे."

आमचा कॅचर तेविता टोंगाचा. त्याला चर्च सुटायच्या आत कुठल्याही टीमला मिळवता यायचं नाही, म्हणूनच तो आमच्या वाट्याला आला होता. पांढरा शर्ट, टाय आणि कमरेला गुंडाळलेलं वस्त्र अशा अवतारात तो अगदी शेवटच्या मिनिटाला पळत यायचा. त्याने मला थर्मासमधून नुसतं गरम पाणी पिताना पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं.

तो गंभीर झाला. "सिस्टर, जिंकायला मीही प्रार्थना करतो. पण आपली टीम मी पाहिलीय. तू देवाशी इतक्या मोठ्या वस्तूचा ट्रेड करायला नको होतास."

*

आठ मॅच झाल्या, आठही हरलो. आता फक्त एक उरली होती, तीही क्रेगच्या टीमशी. क्लबचा नियम असा की सीझनभर एकही मॅच न जिंकलेली टीम मोडायची आणि तिचे खेळाडू बाकीच्या तिघांत वाटून टाकायचे.

त्या आठवड्यात अण्णांनी सुधीरला तिकीट अलीकडे घ्यायला सांगितलं. दोन महिने आधी.

मी त्यांच्या खोलीत भाकरी घेऊन गेले, तर ते बॅग भरत होते. "मी त्या पंधरवड्यात अडवलं नसतं," ते म्हणाले, "तर सुधीरला चांगली माणसं मिळाली असती. त्याने इतक्या हौसेने उभी केलेली टीम माझ्यापायी मोडायची."

"अण्णा, अजून एक मॅच आहे."

"मी माणसं ओळखतो वैशाली. आठ फेऱ्या रद्द झाल्यावर नववी गाडी सुटत नाही."

रविवारी ग्राउंडवर ते खिडकीतल्यापेक्षा वेगळे असायचे. कुंपणापाशी खुर्ची टाकून बसायचे, कोण किट उचलतं, कोण टाळतं ते मला सांगायचे. टीम मोडली तर हा मनुष्य मनाला लावून घेऊन जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्या बॅगेतले लोकरीचे मोजे हळूच काढून कपाटात ठेवले. म्हटलं, लागतील.

*

शेवटची मॅच. ऊन असं की ब्रेट कुठे असेल ते विचारायलाच नको. त्यात आमच्या एकाचा घोटा आदल्या दिवशी मुरगळलेला. सुधीरने माणसं मोजली. आठ. मग तो माझ्याकडे बघायला लागला.

"नाही," मी म्हटलं.

"नऊ झाले नाहीत तर मॅच न खेळताच हरलो."

मी स्कोअरबुक सईकडे दिलं आणि शर्ट चढवला. मला उजव्या कोपऱ्यात उभं केलं, जिथे चेंडू सहसा येत नाही. आला नाही, देवाची कृपा. बॅटिंगला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नुसती उभी राहून आउट झाले.

पण बाकीच्यांनी त्या दिवशी कमाल केली. तेविताने टाय न सोडताच असा फटका मारला की सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात पाच-पाच अशी बरोबरी झाली. दोन आउट. तिन्ही बेसवर आमची माणसं. एक रन हवा होता आणि बॅटिंगला माझा नंबर.

सुधीर जवळ आला. "हे बघ, बॅट अशी धर आणि..."

"बॅट हलवायची नाही, असा मी नेम धरलाय," मी म्हटलं.

"काय?"

"त्यांचा पिचर पाचव्या डावानंतर थकतो. मग त्याचे चेंडू गुडघ्याखाली जातात. तीन वर्षं मी लिहितेय. आपली माणसं मारायच्या घाईत ते पाहतच नाहीत."

बेसबॉलमध्ये छातीपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्याबाहेर चार चेंडू पडले आणि तुम्ही त्यांना हात लावला नाहीत, तर पहिला बेस तुम्हाला फुकट मिळतो. तिन्ही बेस भरलेले असले की सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि तिसऱ्यावरचा रन करून घरी येतो. मात्र पट्ट्यातले तीन सोडलेत, तर आउट.

मी खांद्यावर बॅट ठेवली आणि मनात रामरक्षा सुरू केली. पहिला चेंडू खाली. दुसरा पट्ट्यात. तिसरा खाली. चौथा पट्ट्यात. पाचवा खाली. म्हणजे आता एकच, इकडे किंवा तिकडे. कुंपणापलीकडे अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

सहावा चेंडू आला. माझ्या हातांना खूप वाटलं हलावं. मी हलू दिलं नाही. चेंडू माझ्या नडगीजवळून गेला आणि धुरळा उडाला.

"बॉल फोर," अंपायर म्हणाला.

तिसऱ्या बेसवरचा तेविता हात पसरून घरी धावला. सगळे ओरडायला लागले. जिंकलो! माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी बॅट नीट खाली ठेवली, वळले आणि सरळ आमच्या बाकाकडे, सुधीरच्या चहाच्या थर्मासकडे चालू लागले.

पहिल्या बेसला पाय लागल्याशिवाय तो रन धरत नाहीत, हे मी तीन वर्षं दुसऱ्यांना सांगत आले होते. क्रेगच्या ते लक्षात आलं. त्याने पिचरकडे चेंडू मागितला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून, डेपोच्या आवारात घुमावा तसा आवाज आला.

"वैशाली! आधी पहिला स्टॉप घे, मग चहा!"

मी पळाले. आयुष्यात इतकी कधी पळाले नव्हते.

*

अण्णांचं तिकीट पुन्हा पुढे ढकललं आणि पुढच्या सप्टेंबरच्या आधी ते परत आलेही. ट्रेड संडे पुन्हा पितृपक्षातच आला. आम्हाला काळजी नव्हती. जुनीच अकरा नावं ठेवायची, नवीन काही करायचं नाही, असं अण्णांनीच ठरवलं होतं. यादी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

चार वाजता क्रेग आमच्या घरी आला. जँडल्स, म्हणजे इथल्या चपला, दाराबाहेर काढून, अगदी रीतसर. सुधीरसमोर बसला आणि म्हणाला, "माझा पिचर घे. चार पॉइंटचा. मला त्याच्या बदल्यात अकरा नंबर हवी."

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मग एक्सेलकडे पाहिलं. चार पॉइंटचा पिचर आमच्या टीमला आजवर मिळाला नव्हता. एक्सेलकडे तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला, असं सई आजही म्हणते.

खिडकीशी अण्णा बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला सांग, पंधरवडा चालू आहे. घटस्थापनेनंतर ये म्हणावं."