झाकणाची पट्टी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विलास होता तोवर समोर बसून सांगता आलं असतं. तो गेल्याचं कळलं ते दौंडहून, माझ्या पुतण्याच्या, सतीशच्या फोनवरून. "आप्पा, विलासराव गेले. दुकानातच... बसल्या बसल्या." विलासशी कोर्टात भांडलेला सतीशच हे सांगत होता. मी मोटार बंद करायला निघालो होतो, तो तसाच विहिरीच्या कठड्यावर बसलो. पाणी पाट फोडून रस्त्यावर गेलं, तरी उठवेना.

विलास शिरूरचा, माझा शाळेपासूनचा मित्र. फोनवरून पंप चालू करणारा स्टार्टर त्यानं बनवला आणि पहिली पेटी इनामगावला माझ्या विहिरीवर बसवली. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, खुरपी, मोटार, सगळ्यांची पूजा होते. मी पेटीचीही केली, वर हौसेनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. हळदकुंकवाचं पाणी झाकणातून आत गेलं आणि पेटी बंद पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विलास मात्र पोट धरून हसला. "आरं, पाया पडायचं व्हतं, आंघूळ न्हाई घालायची!" मग तिथंच सायकलची जुनी ट्यूब कापून त्यानं झाकणाला आतून पट्टी लावली. पुन्हा कधी पाणी शिरलं नाही.

सतीश तेव्हा विलासच्याच कंपनीत, त्याच्या हाताखाली होता. पुढं त्यानं दौंडला स्वतःची कंपनी काढली, ते पट्टीचं झाकण आपला शोध म्हणून नोंदवलं आणि नक्कल केली म्हणून उलट विलासवरच दावा ठोकला. रस्त्यावर दोघांचे फलक समोरासमोर लागले. एकावर 'अस्सल आम्हीच', दुसऱ्यावर 'नकलेपासून सावध'. बाजारात लोक चिडवायचे, "आप्पा, तुमची मोटार कंच्या पार्टीची?"

विलासनं साक्षीला माझंच नाव दिलं. आदल्या दिवशी माझा भाऊ, सतीशचा बाप, घरी येऊन बसला. "पोरगं रक्ताचं हाय आपल्या," एवढंच म्हणाला. कोर्टात वकिलानं विचारलं, पट्टी आधी कोणी लावली? मी म्हणालो, "आठवत नाही." विलास माझ्याकडं बघतच राहिला... दावा तो हरला. कंपनी गेली, मोटारी दुरुस्त करायचं दुकान तेवढं उरलं. बाजारात तो दिसला की मी वाट बदलायचो.

दहाव्याला घोडनदीच्या काठी त्याची बायको मंगल माझ्याजवळ आली. वाटलं, आता चार लोकांत बोलणार. ती म्हणाली, "तुमच्यावर ते कवाच रागावले न्हाईत, आप्पा. म्हणायचे, त्याला खरंच आठवलं नसंल. आठवलं असतं तर तो बोलल्याबिगर ऱ्हायला नसता."

तिलाही खरं न सांगता मी घरची वाट धरली.

घरी येऊन मेन स्विच पाडला आणि पेटी उघडली. ट्यूबची पट्टी चिरलीय, पण जागेवर आहे. कोपऱ्यात कुंकवाचा डाग तसाच. सतीशला हे वाचून राग येईल, येऊ दे. पट्टी विलासनं लावली, माझ्या डोळ्यांदेखत.

विलास, मला आठवत होतं रे...