बटणाची पावती

वकील म्हणाला होता, "गुंतवणूकदाराच्या व्हिसासाठी कंपनी दाखवायचीय ना? पाटी, टेबल, खुर्ची, बस्स!" शिवणकामात तीस वर्षं काढलेल्या मावशी भडकल्याच. "नुसती पाटी लावायला मी घर विकून परदेशात आले का?" त्यांनी गाळा घेतला, दोन शिलाई मशिनं मांडली आणि तिथलीच एक बाई कामाला ठेवली.

तपासणीला अधिकारी आला तो कपाळाला आठ्या घालूनच. "कंपनी खरंच चालते, याला पुरावा काय?"

मावशींची नजर त्याच्या कोटाच्या लोंबत्या बटणावर गेली. "काढा तो कोट." बटण पक्कं करून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पावती फाडली.

"एका बटणाची पावती?"

"फुकट लावलं तर ती लाच, साहेब. पैसे द्या, म्हणजे झाला धंदा."