पाचव्या टेबलाची वेळ

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई मी चालायला लागलो तेव्हापासून सांगते. जेवताना माझा गुडघा हलतो, बसस्टँडवर मी बाकावर टेकत नाही, आणि कोणी गोष्ट लांबवली की तिचा शेवट मीच सांगून मोकळा होतो. अशा माणसाला नोकरी लागली ती एका स्टुलावर बसून दुसऱ्यांचे हात मोजण्याची.

पवनी रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग टेक्निशियन होतो. नाव भारदस्त आहे, काम सोपं. हातात स्टॉपवॉच, पाटीवर कागद. कोणतं काम किती पायऱ्यांत होतं, प्रत्येक पायरीला किती सेकंद लागतात, कुठे हात रिकामा राहतो, ते लिहायचं. त्यावरून कामाची ठरावीक वेळ निघते, आणि त्या वेळेवरून साहेब ठरवतात की किती माणसं लागतील. कारखान्यात माझं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे मला घड्याळवाला म्हणत, आणि मी शेडमध्ये शिरलो की शिट्टी वाजवणारा शिट्टी बंद करी.

घरीही ही खोड सुटली नाही. बायको फोडणी घालायला लागली की मी मनात आकडे मोजायचो. एकदा तिनं झारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या, तुमीच करा. मोहरी तडतडली का मले सांगा, किती सेकंद लागले ते." त्या दिवसापासून स्वयंपाकघरात घड्याळ नेणं बंद केलं.

आमच्याकडे शेतातल्या पाण्याच्या मोटारी बनत. मोटारीच्या आत एक लोखंडी कडं असतं. त्याच्या खाचांतून तांब्याची तार हातानं भरावी लागते. टोकं खरवडायची, एकमेकांना जोडायची, वरून दोऱ्यानं आवळून बांधायची. याला वाइंडिंग म्हणतात. हे काम सात टेबलांवर सात बाया करायच्या. सगळ्या आसपासच्या धानाच्या गावातल्या, कंपनीच्या गाडीनं येणाऱ्या. पाचव्या टेबलावरची आसगावची. पंचेचाळीसच्या आसपासची, कमी बोलणारी, लाईनीवर सगळ्यात जुनी.

मॅनेजर साहेबांनी मला वाइंडिंगची वेळ काढायला सांगितली तेव्हा माझं प्रोबेशन संपत आलं होतं. कायम होण्याचं पत्र याच कामावर अडलंय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. मी लाईनीवर जाऊन विचारलं, कोणाच्या टेबलाशी बसू?

"पाचव्याच्या बसा न," पहिल्या टेबलावरची बाई म्हणाली. ती लाईनीची पुढारीण. "सगळ्यात जुनी हाये ते. आमी तिच्याच पासून शिकलो."

मला ते पटलं. दोन दिवस मी पाचव्या टेबलाशी बसलो. बाईचा हात सुरेख चालत होता. खाचांत तार अशी बसत होती की बघत राहावं. टोकं खरवडलेल्या तारा तिच्या ताटलीत आधीच तयार असत, त्यामुळे जोडणी पटकन होई. मी खूश झालो. याला म्हणतात कामाची पूर्वतयारी, असं मी कागदावर लिहिलं. सरासरी निघाली एकतीस मिनिटं. ती टोकं ताटलीत कुठून येतात, हे विचारायला मला सवड नव्हती. मला अहवाल द्यायची घाई होती.

साहेबांनी अहवालावर पेन फिरवलं आणि म्हणाले, "एकतीस मिनिटं असतील तर सहा टेबलं पुरतात. पुढच्या महिन्यापासून सहा करू. तोवर सगळ्यांना एकतीसवर आणा."

त्यानंतरचे तीन आठवडे मला नीट झोप नव्हती. एकतीस मिनिटांत कोणाचंच कडं होईना. बाया डबा अर्धा खाऊन टेबलावर परतत. तारेनं बोटं कापलेली, त्यावर चिकटपट्ट्या. तपासणीत मोटारी नापास व्हायला लागल्या. मी शेडमधून गेलो की सातही माना खाली. मी दिवसातून चार वेळा हिशेब पुन्हा मांडायचो, आणि तो दर वेळी बरोबरच यायचा. ज्या बाईला मी स्वतः एकतीस मिनिटांत करताना पाहिलं, तिलाही आता ते जमत नव्हतं. मग माझीच चिडचिड. मुद्दाम करतात, असंही एकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं होतं.

रविवारी मी दिघोरीला घरी गेलो. गावात रोवणे सुरू होते. आमच्या तळ्याखालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, आई आणि नऊ-दहा बाया ओळीनं वाकून धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं, लावत मागे मागे सरकत होत्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा. बसवत नव्हतं, म्हणून या टोकाहून त्या टोकाला येरझारा घालत होतो. आणि खोडच ती, डोळे मोजायला लागले. मधल्या एका म्हाताऱ्या बाईचा हात हळू चालत होता. तिच्या पुढ्यात दर खेपेला चारच रोपं लागत होती, बाकीच्यांच्या पुढ्यात सहा-सात. तरी ती मागे पडत नव्हती. ओळ सरळ सूत धरल्यासारखी.

मी खाली वाकून पाहिलं. तिच्या डाव्या आणि उजव्या हाताच्या बाया न बोलता, न बघता तिच्या वाट्याच्या पातीतलं एकेक रोप आपल्याकडे ओढून लावत होत्या.

दुपारी बाया धुऱ्यावर भाकर खायला बसल्या तेव्हा मी आईला विचारलं.

"मंग?" आई म्हणाली. "एक मागं पडली त मालकाले दिसते न. दोन्ही बाजूच्या थोडं थोडं घेतेत. आजचं हाये काय हे? तू लहानपणापासून धुऱ्यावर बसून पाहून राहिला, अना मलेच विचारते?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी भाकर अर्धी टाकून उठलो. ताटलीतली ती तयार टोकं माझ्या डोळ्यांपुढे होती. चौथ्या आणि सहाव्या टेबलावरच्या बायांनी ती खरवडून दिली होती. त्यांना वाटलं, घड्याळ हळू बाईला पकडायला आलंय. म्हणून त्यांनी तिलाच पुढे केलं, दोन्ही बाजूंनी तिचं काम उचललं आणि तिला सगळ्यात वेगवान करून दाखवलं. आणि मी, धानाच्या गावातला मुलगा, तीन बायांचं काम एकीच्या नावावर मोजून सगळ्यांच्या मानेवर ठेवलं.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनबाहेर तीन फेऱ्या मारल्या. माझं पत्र त्यांच्याच टेबलावर सहीला होतं. शेवटी आत गेलो आणि बसण्याआधीच म्हणालो, "वाइंडिंगची वेळ चुकली आहे. माझी चूक आहे."

त्यांनी जुना अहवाल काढून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पुन्हा करा. सातही टेबलं, एकेकटी. आणि या वेळी चुकू नका."

लाईनीवर मी सांगितलं तेव्हा पहिल्या टेबलावरची बाई उसळली. "एकेकटीचं कायले? आमचं का भांडण झालं?"

"नाहीतर एकतीस मिनिटं राहतील," मी म्हणालो. "आणि एक टेबल जाईल."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पाचवी कोणाकडेच बघत नव्हती. तीच म्हणाली, "करू द्या."

सहा टेबलांची वेळ छत्तीस ते अडतीसच्या मध्ये आली. पाचव्या टेबलाची बावन्न. तार खाचांत भरेपर्यंत तिचा हात कोणाहून कमी नव्हता. टोकं खरवडताना मात्र ती थांबे. कडं उचलून हात लांब करी, मान मागे नेई, खिडकीकडे वळे. चौथ्या टेबलावरची बाई हात मांडीखाली दाबून बसली होती. मी हे सगळं पाहिलं. माझा गुडघा हलत होता, कारण अजून दोन टेबलं बाकी होती आणि जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मी बावन्न लिहिलं आणि सहाव्या टेबलाकडे गेलो.

नवी ठरावीक वेळ अडतीस मिनिटं निघाली. सातही टेबलं राहिली. बायांच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्या गेल्या. आठवड्याभरात माझं पत्र आलं, साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि चूक कबूल करायला छाती लागते असं चार लोकांत म्हणाले. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी मी जेवायला सगळ्यांच्या पंगतीत बसलो.

पण त्या अहवालात प्रत्येक टेबलाची ओळ वेगळी होती. साहेबांचं बोट एकाच ओळीवर थांबलं. महिना संपला आणि पाचव्या टेबलावर दुसरी बाई बसलेली दिसली. टेबलं सात, बाया सात. फक्त आसगावची नव्हती.

मी पहिल्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. तिनं काम थांबवलं नाही.

"आमी झाकून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुमी उघडं केलं."

मी खोटं लिहिलं नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगत होतो. मोटरसायकलवर, आंघोळ करताना, बायको बोलत असताना. तिनं एकदा विचारलं, "काहून असे करून राहिले? कोणी काही म्हटलं काय?" मी नाही म्हणालो आणि उगाच बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो. मला स्वतःचा राग येत होता, आणि साहेबांचा, आणि थोडा त्या बायांचाही, की त्यांनी मला सरळ का नाही सांगितलं. सांगण्यासारखा माणूस मी होतो का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला होता.

उन्हाळी धान निसवायला, लोंब्या धरायला, आलं असताना बाबांची शेतातली पाण्याची मोटार जळली. ती गाडीला मागे बांधून मी पवनीला नेली, मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात. दुकानदार बाहेर गेला होता. आत खिडकीपाशी चटईवर एक बाई कडं पुढ्यात घेऊन बसली होती. डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा. तिनं वर पाहिलं तेव्हा मी ओळखलं.

"या," ती म्हणाली. "घड्याळ आणलं का?"

मी हसलो नाही. ती हसली आणि पुन्हा कामाला लागली. टोकं खरवडली, जोडली, जोडावर नळी चढवली, पुढचं टोक. हात लांब नाही, मान मागे नाही. माझ्याकडे घड्याळ नव्हतं तरी मोजणं थांबत नव्हतं. सातही टेबलांवर एवढ्या झटपट टोकं खरवडून जोडणारा हात मी पाहिला नव्हता.

"चष्मा कधी लावला?" मी विचारलं.

"गावात डोळ्याचं शिबिर आलं होतं. डॉक्टरनं दोन मिनिटांत सांगतलं, चाळिशी लागली म्हणे. मले वाटे, हातच म्हातारे झाले."

दोन मिनिटं. मी त्या टेबलाशी पहिल्या वेळी दोन दिवस बसलो होतो, आणि दुसऱ्या वेळी सगळं डोळ्यांनी पाहूनही उठून गेलो होतो.

मला राहवलं नाही. मी तिला सांगून टाकलं, की आमच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, वेळ जास्त लागली तर कारण लिहायचं. तिच्या बावन्नच्या पुढे तो मी कोरा सोडला होता.

तिनं दोरा दातानं तोडला. चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी विचारलं असतं त मी सांगतलं नसतं," ती म्हणाली. "पण विचारायले पायजे होतं."