गोळी नाकारणाऱ्या कापगते मॅडम

दुकानासमोरून एखादा माणूस दोनदा येऊन तसाच पुढे गेला, की कापगते मॅडम मान वर न करता मला म्हणत, "तिसऱ्या खेपेले बोलते तो, पाह्य." तिसऱ्या खेपेला तो खरंच पायरी चढे, डोकेदुखीची एक गोळी मागे आणि ती हातात पडली तरी उभाच राही. मग हळूच विचारी, "साहेब नाही का जी?"

"साहेब मीच. बोला," मॅडम म्हणत.

डी. फार्मच्या प्रशिक्षणासाठी मी त्यांच्या साकोलीच्या मेडिकलमध्ये होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा विषयावर घरात कधी शब्द निघाला नव्हता. त्यामुळे कुणी पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेची गोळी मागितली, की मी कपाटाकडे तोंड करून उगीच बाटल्या सरळ करत बसे. मॅडमच्या ते लक्षात आलं. "खोकल्याचं औषध देताना लाजतोस का? मंग हे द्याले काहून लाजतोस?" एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्याकडे या गोळीची एक रीतच आहे. आपल्या गावात ती घ्यायची नाही. मॅडम सांगत, "साकोलीचा भंडाऱ्याले जाते, भंडाऱ्याचा साकोलीले येते. रस्त्यात एसटीत भेटतात अन् एकमेकाले सांगतात, लग्नाची पत्रिका द्याले चाललो."

भंडाऱ्याचे एक भांड्यांचे व्यापारी असेच दर महिन्याला यायचे. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं मोजकं. साकोलीच्याच एका डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, गोळ्या घ्यायच्या, निघायचं. एका दुपारी मात्र ते घुटमळले. चार वर्षं गोळीचा चांगला गुण आला, पण दोन महिन्यांपासून काहीच उपयोग होत नाही, असं ते खाली बघत म्हणाले. शरीराला सवय झाली असेल, जास्त ताकदीची द्या.

मलाही ते पटलं. आपल्यालाही काही कळतं हे दाखवायची संधी म्हणून मी वरच्या खणातून जास्त ताकदीची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. मॅडमनी तिच्यावर हात ठेवला.

"मोटर तीच आहे भाऊ. विहिरीचं पाणी आटलं असन त मोठी मोटर लावून काय करता?"

मग त्यांनी समजावलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली म्हणून बहुतेकांच्या बाबतीत तिचा गुण आपोआप जात नाही. जाऊ लागला तर आधी शरीरात दुसरं काय बिघडलं ते बघायचं. शुगर वाढली का, रक्तवाहिन्या अरुंद झाल्या का, भरल्या पोटी घेता का. एकेक विचारत शेवटी त्यांनी विचारलं, "बाकीच्या गोळ्या कोठून घेता?"

"त्या आमच्या भंडाऱ्यातूनच घेतो जी." त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. तिथल्या डॉक्टरनं पंधरा दिवसांपूर्वीच सुरू केली होती.

या दोन गोळ्या एकत्र देऊ नयेत हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, आणि माझ्याच हातानं ती पट्टी काउंटरवर आली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरला आमची गोळी माहीत नव्हती, आम्हाला त्याची. अर्धा माणूस तिकडे, अर्धा इकडे.

"ही अन् ती जिभेखालची संग पोटात गेली, त बीपी असं खाली येईन का तुम्ही उठणार नाही," मॅडम म्हणाल्या.

व्यापाऱ्यांना राग आला. द्यायची नसेल तर परतीच्या वाटेवर लाखनीत दुकानं आहेत, असं म्हणून ते वळले.

"लाखनीत मिळन बी. मंग मी तुमच्यामागं लाखनीले येईन." मॅडम काउंटरच्या बाहेर आल्या, स्टूल पुढे केलं. ते बसले. बायकोला माहीत आहे का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तिले वाटन, हा माणूस म्हातारा झाला."

"अन् विधवा झाली, त काय वाटन तिले?"

त्यांनी ती छोटी बाटली काउंटरवर ठेवली. मग मॅडमनी सगळ्या गोळ्यांची नावं एकाच कागदावर लिहिली. हा कागद उद्याच हृदयाच्या डॉक्टरला दाखवायचा, तोवर आमच्याकडची गोळी बंद, छातीत दुखलं तर दवाखान्यात आधी हिचं नाव सांगायचं. ते कागद घेऊन गेले. ते लाखनीला उतरले की काय, या विचारानं पुढचे काही दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही.

महिनाभरानं ते आले ते बायकोला घेऊन. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच बंद झालेली निघाली होती. नागपुरात उपचार झाले, शुगरही वाढलेली सापडली. ती गोळी डॉक्टरांनी बंदच ठेवली होती. दुसरे उपाय आहेत, ते सवडीनं बघू म्हणाले होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी हे सगळं नेहमीच्या आवाजात सांगितलं. त्यांची बायको मॅडमना म्हणाली, "मले सांगत, साकोलीचा मित्र बिमार आहे, त्याले पाहाले जातो. चार वर्षं झाली, तो मित्र काही बरा होईना." मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. तेही हसले.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी मला नेहमीसारखं विचारलं, आज काय शिकलास. मी अडखळत सगळं सांगितलं, त्या दुर्बलतेचं नाव घेऊन, मी केलेल्या चुकीसकट. माझ्या मॅडम कशा आहेत हे त्यांना कळावं असं मला फार वाटत होतं. आई भात वाढता वाढता थांबली. बाबांनी ताटातला घास संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, उद्या मी बी येतो तुह्यासंग साकोलीले."

हे मी बाबांना विचारूनच लिहितो आहे. लिही म्हणाले.

आईनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मी बी येते."