कुठल्या झाडावर होती?

रात्रीची तिसरी शिफ्ट संपल्यावर चाकणहून येणारी कंपनीची बस मोशीत आमच्या गेटपाशी थांबते. तिच्यातून उतरणारा लाल डोळ्यांचा एकजण रोज माझ्या कुंड्यांपाशी रेंगाळायचा. एकदा मी त्याला फरशीवर सापडलेली हिरवी अळी दाखवली. तिच्याकडे नीट न बघताच त्याने विचारलं, "कुठल्या झाडावर होती?"

"कढीपत्त्याखाली पडली होती."

"मग लिंबू फुलपाखराची. कढीपत्ता बी लिंबाच्याच कुळातला. परत तिथंच ठेवा. उपाशी मरंल, पण भलत्या झाडाचं पान खाणार न्हाई."

"तुमचं गाव कुठलं?"

"जालन्याकडचं," तो जांभई देत म्हणाला. "आपल्याला काय, कँटीनचं बी चालतंय."

मी अळी पानावर ठेवली. थोड्या वेळाने ती खायला लागली. तो तसाच बघत उभा राहिला.