नवं ग्राफिक्स कार्ड आणि पहिलंच वळण

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. सांडला तर मी जबाबदार नाही!

मला कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचं वेड. आणि माझा मेहुणा भूपाल, कागलचा, त्याला माझ्याहून जास्त. आम्ही आपापल्या घरी बसून शर्यत लावायचो आणि दर वेळी तोच जिंकायचा. का? तर माझा कॉम्प्युटर जुना! गाडी सुसाट निघाली की चित्र अडकायचं, सुटेपर्यंत भूपाल पार पुढं. निदान मी तरी सगळ्यांना हेच सांगायचो.

शेवटी एकदा तो फोनवर म्हणाला, "दाजी, त्या कॉम्प्युटरला किती दिस नावं ठेवणार? नवा घ्या की!"

झालं, माझा स्वाभिमान उसळला. "नवा कशाला? ह्यालाच असलं ग्राफिक्स कार्ड बसवतो की तू बघतच राहशील. रविवारी घरी ये. हरलो तर सगळ्यांना मिसळ माझ्याकडून!"

कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटर घेऊन या, बसवून देतो." मी? प्रिंटर अडला की अख्खी गल्ली ज्याला बोलावते, त्यानं दुकानात जायचं? छे! घरीच कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड खटकन बसवलं, गेम सुरू केला. गाडी निघाली... आणि अडकली!

म्हटलं, रॅम कमी असणार. रॅम वाढवली. अडकली! हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. गेम उघडायला लागला फटकन, पण गाडी? घाटात उसानं भरलेली ट्रॉली चढावी तशी! मग वाटलं, तापत असेल. डब्याचं झाकण काढून घरातला टेबलफॅन त्याच्यासमोर लावला. आम्ही घामाघूम, कॉम्प्युटर गार!

"अहो, दुकानात एकदा विचारा तरी," बायको, वैशाली, म्हणाली.

"काही गरज न्हाय!"

रविवार उजाडला. भूपाल लॅपटॉप काखोटीला मारून आला, आणि सोबत सासूबाई! जावयाचं नवं मशीन बघायला त्या अगदी पुढं खुर्ची टाकून बसल्या.

शर्यत सुरू. माझी गाडी निघाली, थांबली. निघाली, थांबली.

"दाजी, शर्यत हाय का वडाप?" भूपाल म्हणाला. "जागोजागी पॅसेंजर घेताय व्हय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कार्डच खराब दिलंय!" मी ओरडलो. "थांब, त्या दुकानदाराला आत्ता फोनच लावतो!"

तेवढ्यात वैशाली पंखा सरकवायला कॉम्प्युटरच्या मागं गेली आणि वाकून बघायला लागली.

"अहो, ह्या नव्या कार्डाला मॉनिटरची वायर लावायची जागा हाय की. वर टोपण तसंच हाय."

"काढू नको! धूळ जाईल म्हणून मीच ठेवलंय."

"मग मॉनिटरची वायर कुठं लावलीय?"

"कुठं म्हणजे? पहिल्यापासनं हाय तिथंच!"

वैशालीनं कपाळावर हात मारला.

आलं का लक्षात? मॉनिटर कार्डाला जोडलाच नव्हता मी! एवढं तगडं कार्ड आत बसून निवांत वारा खात होतं आणि चित्रं दाखवायचं सगळं ओझं जुना खटारा एकटा ओढत होता!

भूपाल हसून हसून पलंगावरनं खाली आला. वैशालीनं टोपण काढलं, वायर तिथं खोचली. आणि अहाहा! रस्ता लोण्यासारखा! झाडाचं पान न् पान दिसतंय, पुढच्या गाडीच्या काचेत ढग दिसतायत! "आता बघ भूपाल!" म्हणत मी पुन्हा शर्यत लावली आणि वेग वाढवला.

एक घोळ झाला. पूर्वी वळण अडकत अडकत यायचं, विचार करायला वेळ मिळायचा. आता ते आलं ते थेट अंगावर! मी भिंतीत. तिथनं निघालो तो कुंपणात. कुंपणातनं सुटलो तर उलट्या दिशेनं! तोवर भूपालची शर्यत संपली होती आणि मिसळ कुठली मागवायची, तेही त्याचं ठरलं होतं.

सासूबाईंनी खुर्ची आणखी पुढं ओढली. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, ती वायर मघाशी हुती तिथंच लावा बघू. थांबत थांबत का हुईना, गाडी रस्त्यावर तर हुती!"